ग्रँट रोड ईस्टला हॉटेल घेतलं तर चालेल का? आम्ही तिघी बायका आहोत, रात्री पोचणार

मोसंबी_जालना

नमस्कार मंडळी. मी जालन्याची. पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा गिरगाव चौपाटीजवळ इंटरव्ह्यू आहे, सोबत मी आणि आई, म्हणजे आम्ही तिघीच, पुरुष माणूस कुणी नाही. तपोवनचं तिकीट बघून ठेवलंय, म्हणजे मुंबईत रात्री साडेनऊ-दहाला उतरणार. ॲपवर ग्रँट रोड ईस्टला एक हॉटेल दिसायलंय, तिघींना एसी रूम अठराशे रुपयांत, फोटो एकदम चकाचक, रेटिंग ४.१, आणि लिहिलंय स्टेशनपासून आठ मिनिटं चालत. मला वाटलं भारीच झालं, चौपाटी पण जवळ.

पण मामाला सांगितलं तर तो एकदम भडकला. म्हणाला तो एरिया बायामाणसांनी राहण्याचा नाही, नाव पण काढू नका. मामा नव्वदच्या आसपास मुंबईत नोकरीला होता त्यामुळं त्याचं ऐकावं वाटतं, आणि इकडं ऑफिसातली मैत्रीण जी मुंबईचीच आहे ती म्हणते काही होत नाही गं, बिनधास्त जा. आता कुणाचं खरं धरायचं?

आणि मुळात गावाकडं बसून एखादा एरिया राहण्यासारखा आहे का नाही हे ओळखायचं कसं हेच मला कळंना. रेटिंग बघितलं तर सगळीच हॉटेलं चार च्या वर. आई साठीच्या पुढची आहे, गुडघे दुखतात, फार चालवत नाही. बजेट रोजचं दोन, ताणून अडीच हजार. जाणकारांनी जरा नीट सांगा प्लीज, तिकीट अजून काढलं नाही.

ठाकूरद्वार_नाका

ताई, मामा पण बरोबर आहेत आणि मैत्रीण पण. दोघं वेगवेगळ्या गल्ल्यांबद्दल बोलतायत एवढंच.

ग्रँट रोड स्टेशनच्या वेस्टला उतरलात की नाना चौक लागतो, तिथून पुढे गावदेवी, मणिभवन, ऑगस्ट क्रांती मैदान, ताडदेवच्या बाजूला भाटिया हॉस्पिटल, ही सगळी जुनी रहिवासी वस्ती. रात्री अकरालाही लोक जेवून शतपावली करताना दिसतात. ईस्टला उतरलात की पाचेक मिनिटांत लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तो इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते पण संध्याकाळी शटर पडली की रस्ता ओस पडतो, रविवारी तर बहुतेक दुकानं बंदच. आणि तिथूनही अजून पूर्वेला गेलात की पठ्ठे बापूराव मार्ग म्हणजे जुना फॉकलंड रोड, आणि त्याच्या पलीकडे कामाठीपुरा. मामा ज्याच्यामुळे भडकले तो हा भाग. आणि नव्वदच्या दशकात नागपाडा, आग्रीपाडा ह्या बाजूच्या गँगवॉरच्या बातम्या रोज पेपरात असायच्या, त्या काळात इथे नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यातून ते जाणार नाही, स्वाभाविक आहे. आज ते तसं राहिलेलं नाही.

सांगायचा मुद्दा असा की हे सगळं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यात येतं आणि ॲपवर सगळ्याला एकच नाव, ग्रँट रोड ईस्ट. त्यामुळे त्या नावावर हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. हॉटेल मेन रोडच्या तोंडावर आहे का आतल्या गल्लीत, आणि गल्ली कुठली, हे आधी शोधा. हॉटेलचा पत्ता ॲपवर मोघम असेल तर फोन करून गल्लीचं नाव आणि समोर काय आहे ते विचारा. दहा वर्षं तिथे हॉटेल चालवणाऱ्याला समोरचं दुकान सांगता येतं. आढेवेढे घेतले तर समजून जा.

अजून एक, लॅमिंग्टन रोडवरच डी. बी. मार्ग पोलीस स्टेशन आहे. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर कसाबला जिवंत पकडताना गेलेले तुकाराम ओंबळे ह्याच ठाण्याचे. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे, इंटरव्ह्यूनंतर वेळ मिळाला तर तिघी नक्की जाऊन या.

तुम्हाला चौपाटीलाच जायचंय तर ग्रँट रोडचा हट्ट कशाला पण? गिरगावातच बघा ना, ठाकूरद्वार, चर्नी रोडच्या बाजूला. साध्या लॉज आहेत, चकाचक नसतील, पण आजूबाजूला वाड्या आहेत आणि वाडीतल्या लोकांना रात्री बाराला कोण आलं गेलं सगळं माहिती असतं.

दादरच_बरं

एवढा विचार कशाला. दादरला रहा. बहुतेक गाड्या थांबतात, मराठी माणसं, फुलबाजार पहाटेच सुरू होतो त्यामुळे रस्ता कधी रिकामा नसतो. बायकांनी आडवळणाच्या ठिकाणी रिस्क घेऊच नये.

सातवी_गल्ली

मी कामाठीपुऱ्यात वाढले, आता नवी मुंबईत असते. वरचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या गल्लीत तेलुगू पद्मशाली घरं आहेत, बिड्या वळणाऱ्या बायका आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत, देवळं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आहेत. तेलंगणातून बांधकामावर आलेल्या कामाठी मजुरांची ही वस्ती, त्यांच्यावरूनच नाव पडलं. देहविक्रीचा धंदा काही गल्ल्यांमध्ये आहे आणि तोही आता पूर्वीच्या मानानं बराच कमी झालाय. १९८८ पासून प्रेरणा संस्थेनं तिथल्या आयांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर चालवलंय, म्हणजे आई रात्री कामावर असताना पोरं सुरक्षित झोपावीत म्हणून. अशी वस्ती आहे ती. तिथल्या बायकांपासून बाहेरच्या पाहुणीला काहीही धोका नाही, कधीच नव्हता. कृपा करून घाणेरडा एरिया वगैरे कुणी लिहू नका.

पण ताई, तुला खरं सांगायचं तर तू तिथे राहू नको. त्याचं कारण तिथल्या बायका नव्हेत, तर तिथे येणारी गिऱ्हाईकं, दलाल आणि दारू. संध्याकाळनंतर त्या रस्त्यावरून चालणाऱ्या कुठल्याही बाईकडे येणारा पुरुष एकाच नजरेनं बघतो, विचारतो, मागे येतो. हे आम्ही तिथल्या मुलींनी क्लासवरून परत येताना वर्षानुवर्षं सहन केलंय. आम्हाला निदान प्रत्येक दुकानदार ओळखायचा, एक हाक मारली की माणूस बाहेर यायचा. तुला कोण ओळखतं? बॅग घेऊन, फोनमध्ये नकाशा बघत, आईला धरून चाललीस की लांबून कळतं ही नवीन आहे. राहणाऱ्याला एखादा एरिया सेफ असतो तो ओळखीमुळे, आणि पाहुण्याकडे नेमकी तीच ओळख नसते. मैत्रिणीनं बिनधास्त जा म्हटलं ते तिच्या हिशोबानं बरोबर आहे, तुझ्या हिशोबानं नाही.

आणि दादरवाल्या दादा, आडवळणाला बायका हौसेनं राहत नाहीत, अठराशे रुपयांत दादरला तिघींना बरी रूम मिळत असती तर तिनं प्रश्नच विचारला नसता.

निवृत्त_सिस्टर

बाळा, मी मुंबई सेंट्रलच्या नायर हॉस्पिटलला नर्स होते, अख्खी नोकरी ह्याच पट्ट्यात गेली, सेकंड शिफ्ट संपवून रात्री ग्रँट रोडपर्यंत चालत यायचो आम्ही तिघी-चौघी. त्यामुळे अनुभवानं सांगते.

एरिया चांगला का वाईट असं नसतं, किती वाजता ते बघायचं. सकाळी अकराला जो रस्ता गजबजलेला तोच रात्री साडेदहाला वेगळा. फोर्टमधलं बघ, दिवसा हायकोर्ट, बँका, ऑफिसं, सगळ्यात प्रतिष्ठित भाग, आणि रात्री नऊनंतर आतल्या गल्लीत चिटपाखरू नसतं. उलट भुलेश्वर, काळबादेवी दिसायला कोंदट पण माणसांची वस्ती आहे. आम्ही रस्ता निवडताना एवढंच बघायचो की ह्या वेळेला इथे दुसऱ्या बायका चालतायत का. मेडिकलचं दुकान उघडं आहे का, दूधवाला, इडलीवाला कुणी आहे का, वरच्या मजल्यांवर दिवे आहेत का, दोरीवर कपडे वाळत घातलेत का. गॅलरीत लहान मुलांचे कपडे दिसले म्हणजे वर घरं आहेत. नुसती गोडाऊनं आणि बंद शटर असलेला रस्ता जवळचा असला तरी सोडायचा आणि लांबून यायचं. पुलाखालून नाही जायचं, आणि नाना चौकातला तो मोठा स्कायवॉक आहे ना तो दिवसा ठीक, रात्री रिकामा असतो, त्यापेक्षा खालून रस्त्यानं माणसांमधून चालावं.

आता मुख्य. तू हॉटेल बदलायच्या आधी गाडी बदल. तपोवन लेट झाली की अकरा वाजणार, मग आई थकलेली, बॅगा, नवीन शहर, अशा वेळेला कुणी चार गोड शब्द बोलला की आपण त्याच्या मागे जातो. "ते हॉटेल बंद झालं, मी दुसरं दाखवतो" म्हणणारे स्टेशनबाहेर असतातच. वंदे भारत आता नांदेडहून सुटते, जालन्याहून सकाळी बसलीस की दुपारी सीएसएमटी. नाहीतर देवगिरीनं रात्री झोपून ये, सकाळी उजाडल्यावर पोचशील. दिवसाउजेडी पोचलं की हॉटेल, गल्ली, जिना, सगळं डोळ्यांनी बघता येतं आणि नाही पटलं तर दुसरीकडे जायला अख्खा दिवस हातात. रात्री साडेदहाला नाही पटलं तरी राहावंच लागतं.

नंबर लिहून ठेव. ११२ तर आहेच, मुंबईत बायका-मुलं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पोलिसांचा १०३, गाडीत काही झालं तर १३९, आणि रेल्वे पोलिसांचा १५१२. लोकलमध्ये रात्रीच्या वेळेला लेडीज डब्यात पोलीस असतो, त्याच डब्यात बसायचं.

एकटी_फिरते

मी पुण्याची, ऑडिटच्या कामानं सतत वेगवेगळ्या शहरांत एकटी राहावं लागतं. सिस्टरांनी सांगितलं ते तिथे पोचल्यावर बघायचं, पण घरबसल्या पण बरंच कळतं.

रेटिंगचा आकडा सोडून द्या. रिव्ह्यू लेटेस्ट लावून खाली खाली वाचा आणि त्यात फॅमिली, रात्री, गल्ली, लेडीज, असे शब्द शोधा. सगळे रिव्ह्यू एकट्या पुरुषांचे, बिझनेस ट्रिप, व्हॅल्यू फॉर मनी असले असतील तर ते हॉटेल त्यांच्यासाठी चांगलं आहे, आपल्याला त्यातून काही कळत नाही. एका बाईनं लिहिलेला तीन स्टारचा रडका रिव्ह्यू मला पन्नास पाच-स्टारपेक्षा जास्त सांगून जातो. हॉटेलनं टाकलेले फोटो बघूच नका, गेस्टनी टाकलेले बघा, त्यात जिना, पॅसेज, दाराची कडी दिसते. हॉटेल चौथ्या मजल्यावर आणि खाली बार असा प्रकार असेल तर फोटोतच कळतं.

दुसरं म्हणजे स्ट्रीट व्ह्यू. २०२२ पासून मुंबईत चालतं. स्टेशनच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत बोटानं चालत जायचं, सावकाश, मी खरंच दर वेळी करते. फोटो दिवसाचे असतात त्यामुळे गर्दीवर जाऊ नका, दुकानांच्या पाट्या वाचा. शाळा, क्लास, दवाखाना, किराणा, ब्युटी पार्लर दिसलं की बरं. सगळे बार, लॉज आणि स्पेअर पार्ट असतील तर मी पुढे जाते. फोटो कुठल्या साली काढलाय ते पण वर लिहिलेलं असतं, ते बघा, मुंबईत दोन वर्षांत गल्ली ओळखू येत नाही एवढं रिडेव्हलपमेंट चालू आहे.

आणि ओळखीच्या माणसाला "एरिया सेफ आहे का" असं विचारायचंच नाही, त्याला काहीच उत्तर नसतं, हो म्हणतात. मी विचारते "रात्री साडेदहाला तुझ्या आईला स्टेशनपासून तिथपर्यंत बॅग घेऊन एकटीला चालत पाठवशील का?" ह्यावर माणूस थांबतो आणि विचार करून बोलतो. तुमच्या मैत्रिणीला हेच विचारा बरं.

रिसेप्शनवर_होतो

मी मुंबईत एका हॉटेलच्या फ्रंट डेस्कला बरीच वर्षं नाईट केलीये त्यामुळे आतल्या बाजूचं सांगतो, सगळे एरियावरच बोलतायत म्हणून.

ताई एरिया कितीही चांगला असला तरी बिल्डिंग वाईट असू शकते आणि माणूस बिल्डिंगमध्ये झोपतो. दिल्लीचं करोल बाग म्हणजे फॅमिलीवाला, शॉपिंगवाला भाग, सगळे बिनधास्त राहतात, तिथे फेब्रुवारी २०१९ मध्ये अर्पित पॅलेस नावाच्या हॉटेलला पहाटे आग लागली आणि १७ माणसं गेली. चोर-दरोडेखोर कुणी नव्हतं त्यात. म्हणून मी घरच्यांना नेहमी सांगतो की दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यापर्यंतची रूम मागा, आईचे गुडघे दुखतात म्हणून नाही तर खाली पटकन उतरता यावं म्हणून, आणि रूमवर गेल्या गेल्या बॅग ठेवून आधी दुसरा जिना कुठे आहे तो शोधा, त्याच्या दाराला कुलूप आहे का बघा. जिन्यात गाद्या, खोके, सिलिंडर रचून ठेवलेले दिसले तर सरळ दुसरं हॉटेल. खिडकी उघडते का, तिला पक्की जाळी ठोकलीये का. आतून कडी धड लागते का. ह्या गोष्टी कुणी विचारत नाही, सगळे एसी आणि वायफाय विचारतात.

फोन रात्री करा. दुपारी मॅनेजर असतो तो गोडच बोलतो. तुम्ही रात्री साडेदहाला फोन लावा आणि सांगा आम्ही तिघी लेडीज ह्या वेळेला पोचतोय, रूम तयार असेल का, स्टेशनवरून कसं यायचं. जो माणूस तुम्ही आल्यावर दार उघडणार आहे त्याचाच आवाज ऐकायला मिळतो. नीट शांतपणे रस्ता सांगतो, टॅक्सीला काय सांगायचं ते सांगतो, तर ठीक. "कितनी लेडीज? अकेली?" असं दोनदा विचारलं तर ठेवून द्या फोन.

आणि नंबर मॅपवरून उचलताना जपून. मॅपवर हॉटेलच्या नावापुढे भामटे स्वतःचा नंबर चढवतात, मग फोनवर सगळं गोड बोलून यूपीआयनं ॲडव्हान्स मागतात आणि तुम्ही पोचल्यावर कळतं बुकिंगच नाही. बायका रात्री रस्त्यावर आल्या की मग चांगला एरिया पण काय कामाचा. पैसे हॉटेलवर देऊ म्हणा किंवा ॲपमधूनच भरा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन.

ओळखपत्र तिघींचं लागेल, रजिस्टरमध्ये नोंद होते ती होऊ द्या, ती आपल्याच सेफ्टीसाठी असते. आधारची कॉपी द्यायची तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

दादरच_बरं

@सातवी_गल्ली तुमचं पटलं. आडवळण हा शब्द मागे घेतो. रेटचं पण खरं आहे, दादरला आता अडीच हजारात तिघींना मिळणं कठीणच.

एक सुचवतो, मुंबई सेंट्रल स्टेशनमध्येच आयआरसीटीसीचं पॉड हॉटेल आहे, म्हणजे झोपण्यापुरते छोटे कप्पे, २०२१ ला सुरू झालं, लेडीजसाठी वेगळे पॉड आहेत. स्टेशनच्या आवारातच असल्यानं रात्री रस्त्यावर जायचाच प्रश्न नाही. पण आईंना पॉडमध्ये चढउतर जमेल का ते बघा. सीएसएमटीला रिटायरिंग रूम पण असतात, पीएनआर टाकून ऑनलाइन मिळतात, फक्त लवकर भरतात. आणि फोर्टच्या बाजूला मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाउस आहे, रेट तुमच्या बजेटच्या वर जाईल, पण बायकांसाठी नाव चांगलं आहे.

मोसंबी_जालना

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काय केलं ते सांगते.

त्या हॉटेलला काल रात्री साडेदहाला फोन केला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तर त्याला गल्लीचं नाव विचारलं, तो म्हणायला "मॅडम लोकेशन भेजता हूँ", समोर काय आहे विचारलं तर परत तेच. मग स्ट्रीट व्ह्यूवर बोटानं चालत गेले. सुरुवातीला लॅमिंग्टन रोडपर्यंत सगळं नीट होतं, तिथून आत वळल्यावर सगळी शटर आणि दोन बार, आणि हॉटेलची पाटी तिसऱ्या मजल्यावर, खाली नुसता अंधारा जिना. मैत्रिणीला पण तो आईचा प्रश्न विचारला, ती गप्पच झाली आणि मग म्हणाली नको, स्टेशनवरून टॅक्सी करा. म्हणजे उत्तर मिळालंच. ते हॉटेल कॅन्सल.

सातवी_गल्ली ताई, तुमचं मामाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला त्या बाईचं बरोबर आहे. आई तर म्हणायली त्या पाळणाघराला काही पाठवता येतं का विचार. मी बघते.

आता असं ठरतंय की वंदे भारतनं दुपारी यायचं आणि गिरगावात ठाकूरद्वारजवळ एक लॉज बघितलीय, बाविसशे, दुसरा मजला, फोन एका काकांनी उचलला आणि न विचारताच सांगितलं की रात्री अकराला खालचं दार बंद होतं, उशीर होणार असेल तर आधी फोन करा. रिव्ह्यूत दोन बायकांनी बाथरूम जुनं आहे लिहिलंय, बाकी तक्रार नाही. फक्त सीएसएमटीवरून तिथं कसं जायचं? आईला लोकल नको, दादर तर नकोच म्हणते, तिथला जिना एकदा चढली होती.

ठाकूरद्वार_नाका

अकराला दार बंद करणारी लॉज म्हणजे चांगलीच खूण आहे, घ्या ती.

दुपारी येताय तर सोप्पं आहे. सीएसएमटीलाच उतरा, दादरला नको. तिथून ॲक्वा लाईन मेट्रो, आरेच्या दिशेची, काळबादेवी सोडून पुढचं स्टेशन गिरगाव. लिफ्ट आहे, जिना नाही चढावा लागत. बॅगा जास्त असतील तर सरळ काळीपिवळी टॅक्सी करा, मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, ठाकूरद्वारपर्यंत दुपारच्या ट्रॅफिकमध्ये धरलं तरी शंभराच्या आत-बाहेर होईल. मीटर टाकणार नाही म्हणाला तर दुसरी बघा, दिवसा रांग असते. रिक्षा शोधत बसू नका, शहराच्या ह्या भागात रिक्षा चालतच नाहीत.

निवृत्त_सिस्टर

आणि बाळा, पोचल्यावर संध्याकाळी उजेड असतानाच लॉजपासून इंटरव्ह्यूच्या जागेपर्यंत बहिणीला घेऊन एकदा चालत जाऊन ये. तिथून चौपाटी लांब नाही. परत येताना दुसऱ्या रस्त्यानं या, म्हणजे दोन्ही बाजू बघून होतील, आणि मेडिकलचं दुकान कुठलं उशिरापर्यंत उघडं असतं ते लॉजवाल्या काकांना विचारून ठेव, आईच्या गोळ्यांसाठी पण लागेलच.

मोसंबी_जालना

हो सिस्टर, तसंच करते. तिकीट आत्ताच काढलं, तिघींचं कन्फर्म मिळालं.